लेकर (डच शब्द)

‘लेकर’ हे डच भाषेतले विशेषण आणि क्रियाविशेषण. ‘ले’ आखूड आणि ‘कर’ पुसट उच्चारतात. मराठी कानाला ‘लेकरं’ ऐकल्याचा भास होतो, पण त्या शब्दाशी याचे काही नाते नाही. नाते आहे ते भलत्याच ठिकाणी. हा शब्द ‘लिकन’, म्हणजे चाटणे, या क्रियापदाच्या कुळातला. आणि ‘लिकन’ व संस्कृत ‘लिह्’ ही एकाच इंडो-युरोपीय धातूची लेकुरे. म्हणजे च्यवनप्राशाच्या डबीवरचा ‘अवलेह’ याचा दूरचा भाऊबंद.

पहिला अर्थ अर्थातच चवदार. पिठात बुडवून तळलेल्या माशाच्या तुकड्याचे नावच ‘लेकरबेक्ये’ आहे, आणि सिंटरक्लासच्या सणाला, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, मुलांना मिळणारा खाऊ म्हणजे ‘लेकर्स’.

जर्मनमधला ‘लेकर’ मुख्यतः ताटातच राहिला. नेदरलँड्समधला मात्र जिभेवरून सगळ्या अंगात उतरला. अंगाला सुखावणारे ऊन लेकर, ऊबदार अंथरूण लेकर, सुटीच्या दिवशी काहीही न करता लोळणे तर फारच लेकर. झोपायला जाणाऱ्याला ‘स्लाप लेकर’ म्हणतात. बरे वाटत नसेल तर ‘इक वूल मे नीत लेकर’. काम अडखळत चालले असेल तर तेही लेकर चाललेले नसते. मराठीत यातल्या बऱ्याच जागी ‘मस्त’ बसते, पण आजारपणात ते कामाचे नाही. तिथे ‘बरं’च लागते.

क्रियापदाला लागून आला की या शब्दाला खोडकरपणा सुचतो. ‘इक खा लेकर नीत’ याचा शब्दशः अर्थ लावत बसले तर हाती काही लागत नाही. त्याचा खरा अर्थ ‘मी नाही जाणार, जा!’ दुसऱ्याला चिडवत, हट्टाने केलेली गोष्ट हा शब्द नेमकी पकडतो. शाळेच्या मैदानावर एखाद्याची फजिती झाली की बाकीची मुले ‘लेकर पुह!’ म्हणतात, म्हणजे ‘बरी खोड मोडली!’ मोठ्यांचा टोमणा ‘लेकर बेलांगराइक’: शब्द ‘महत्त्वाचे’ असे सांगतात, सूर मात्र ‘मोठं लागून गेलंय!’ असा. ‘लेकर बेझिख’ ही कामातल्या माणसाला दिलेली शाबासकी. पण त्याच्या हातून कपबशी फुटल्यावर हेच शब्द आले तर ती शाबासकी नव्हे. इथे शब्दकोश फारशी मदत करत नाही, बोलणाऱ्याचा चेहरा पाहावा लागतो.

बेल्जियमच्या डचभाषक फ्लँडर्समध्ये या शब्दाचा पसारा तुलनेने कमी आहे. दक्षिण आफ्रिकेत मात्र डचपासून घडलेल्या आफ्रिकान्समध्ये तो चांगलाच फोफावला आणि तिथल्या इंग्रजी बोलण्यातही शिरला.

नवख्याने जपायची जागा म्हणजे माणसे. माणसाला लावला की हा शब्द शारीरिक आकर्षणाकडे वळतो आणि अनेकदा सवंग वाटतो. प्रश्नात नकारासह आला, तर समोरच्याचे डोके ठिकाणावर आहे ना, अशी विचारणा होते. त्यामुळे जेवायला बोलावणाऱ्या यजमानीणबाईंचे कौतुक करताना ‘हेत इस लेकर’, म्हणजे ‘हे चविष्ट आहे’, एवढेच म्हणावे. ‘हे’च्या जागी चुकून ‘तुम्ही’ आले, तर टेबलावर हशा पिकतो किंवा शांतता पसरते.