देवघरातला घोडेस्वार : वीराच्या टाकामागची परंपरा

धुळवडीच्या दिवशी नाशिकमध्ये रंगापेक्षा वीरांची लगबग जास्त असते. रंग तिथे रंगपंचमीला. धुळवडीला घरोघरचे टाक देवघरातून बाहेर निघतात, वाजतगाजत गोदावरीवर जातात, त्यांना आंघोळ घातली जाते आणि ते पुन्हा घरी येतात. ‘वीर नाचवणे’ म्हणतात याला. बाहेरून पाहणाऱ्याला ही देवांची मिरवणूक वाटते. पण त्या घरांसाठी तो कुळातला गेलेला माणूस असतो : लढाईत पडलेला किंवा अकाली हातातून निसटलेला.

टाक म्हणजे तळहातात मावणारा चांदीचा पत्रा. सोनार ठशावर ठोकून त्यावर उठाव काढतो आणि मागून तांब्याचा पत्रा लावतो. खंडोबा, भवानी, जोतिबा यांच्या टाकांसोबत अनेक घरांत एक वीरही असतो, बहुधा घोड्यावर, हातात शस्त्र घेतलेला. देव आणि घरचा माणूस एकाच ओळीत बसतात, एकाच वाटीतली हळद त्यांना लागते. मला या परंपरेत सर्वांत हलवणारी गोष्ट हीच वाटते.

माणूस गेला की त्याला शिल्पात ठेवायचं, ही आपल्याकडची फार जुनी सवय. तिचा मोठा पुरावा म्हणजे वीरगळ. हा शब्द कानडी : वीर आणि ‘कल्लु’, म्हणजे दगड. महाराष्ट्रात शिलाहार आणि यादवांच्या काळातले वीरगळ गावोगाव सापडतात. तो खालून वर वाचायचा. तळाशी लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर. शेजारी गाई कोरलेल्या असतील, तर तो गावचं गोधन वाचवताना गेला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. आणखी वर तो हात जोडून शिवलिंगापुढे बसलेला, म्हणजे कैलासाला पोचलेला. माथ्यावर कलश आणि चंद्रसूर्य, ते आकाशात आहेत तोवर ही आठवण राहावी म्हणून. मागे राहिलेल्यांना जे ऐकायचं असतं तेच हा दगड सांगतो : तो पडला, पण पोचला.

मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला असे सहा दगड आहेत. त्यांतल्या काहींवर वल्ह्यांची जहाजं आणि समुद्रातली लढाई कोरलेली आहे. शिलाहार राजा सोमेश्वर आणि यादव राजा महादेव यांच्यात साधारण १२६५च्या सुमारास झालेल्या लढ्याशी अनेक अभ्यासक ते जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला, हे यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या लेखनातून आपल्याला कळतं. राजाचं नाव ग्रंथात राहिलं. वल्ही मारणाऱ्यांचं कुठेच नाही, तरी त्यांच्या रांगा दगडावर अजून मोजता येतात.

वीरगळाशेजारी कधी सतीशिळा असते. खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकलेला हात आणि त्यात न फुटलेला चुडा. कोरीव काम सुरेख असतं, पण त्यापुढे मला हात जोडवत नाहीत. तो दगड स्मारक आहे तसा एका जिवंत बाईच्या मरणाचा पुरावाही आहे.

महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. तो कोणाचा, हे गावाला ठाऊक होतं, म्हणून नाव कोरायची गरज भासली नसावी. मग पिढ्या गेल्या, घराणी उठून गेली आणि ओळख पुसली. आज कुठे त्याला शेंदूर फासून देव केलेलं दिसतं, तर कुठे त्याच्यावर कपडे धुतले जातात.

दगडातूनच टाक आला, असा सरळ धागा काढता येणार नाही. पण शस्त्र घेतलेला वीर दोन्हीकडे आहे, आणि फरक जागेचा आहे. वीरगळ उघड्यावर राहिला, टाक घरात. त्याला रोज हात लागतो. नाशिकचे दाजीबा, म्हणजे बाशिंगे वीर, यांची आख्यायिका हळद लागलेल्या नवरदेवाची आहे. बोहल्यावर चढण्याआधीच तो मारला गेला. म्हणून मिरवणुकीत दाजीबांच्या कपाळी आजही बाशिंग असतं. राहून गेलेलं लग्न गाव दरवर्षी त्याच्या अंगावर चढवतं.

टाकावरचा चेहरा मात्र त्या माणसाचा नसतो. सोनाराचा ठसा एकच, त्यातून कितीतरी घरांचे वीर निघतात. आजी मात्र तो नेमका उचलते आणि सांगते, ‘हे आपले.’ रोजच्या घासण्यापुसण्याने नाक झिजतं, घोड्याचे पाय पुसट होतात. ओळखूच येईना झालं की घरातलं कुणीतरी नवा टाक करून आणतं, पूजा करून त्याला जुन्याच्या जागी बसवतं आणि जुना नदीत सोडतं.