क्लब आणि रिव्ह्यूअर : जिओकॅशिंगमध्ये कोणाकडे काय मागायचं

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेले डबे जीपीएसनं शोधायचा खेळ, आणि असा डबा म्हणजे कॅश. या खेळाच्या क्लबात कोणी नवं आलं की काही आठवड्यांत एक प्रश्न हमखास येतो: ‘माझा कॅश तुम्ही का अडवलात?’ हौसेनं घट्ट झाकणाचा डबा आणलेला असतो, शोधणाऱ्यांना नाव लिहायला आत वही-पेन्सिल ठेवलेली असते, उद्यानातलं झाड हेरलेलं असतं, खेळाच्या साइटवर सगळी माहिती भरून पाठवलेली असते. आणि उत्तर येतं की ही जागा चालणार नाही. हे उत्तर क्लबाचं नसतं. त्या डब्याची क्लबाला खबरही नसते. उत्तर दिलेलं असतं रिव्ह्यूअरनं, म्हणजे साइटसाठी डब्यांच्या नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकानं, आणि रिव्ह्यूअर हा क्लबाचा पदाधिकारी नव्हे.

गोंधळ व्हायला कारणं आहेत. दोघंही बिनपगारी, दोघंही खेळावर जीव लावणारे, आणि क्लबाच्या पिकनिकला एकाच टेबलावर बसणारे. कित्येकदा क्लब उभारणाऱ्यांपैकीच एखादा पुढे रिव्ह्यूअर झालेला असतो. तो स्वतः डबे शोधताना एका खात्यावरून खेळतो आणि रिव्ह्यूअर म्हणून वेगळ्या खात्यावरून, वेगळ्या नावानं लिहितो. दोन खाती ठेवण्याचा हेतू हाच, की माणूस एक असला तरी कामं दोन आहेत हे सगळ्यांना कळावं.

ज्यांना हा खेळच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मे २०००च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली अचूकतेची खोट काढून टाकली आणि साध्या यंत्रावरही काही मीटरपर्यंत जागा कळू लागली. ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. लोक ती शोधायला गेले, खेळ सुरू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं. आज ही साइट सिअ‍ॅटलची ग्राउंडस्पीक कंपनी चालवते. खेळाडू तिला ‘एचक्यू’ म्हणतात. लपवलेल्या प्रत्येक डब्याची साइटवर नोंद असते, तिला जीसीनं सुरू होणारा क्रमांक असतो, आणि ही नोंद पब्लिश करायची की नाही हे ठरवणारा स्वयंसेवक म्हणजे रिव्ह्यूअर. त्याला एचक्यूनं निवडलेलं असतं आणि तो उत्तरदायी असतो एचक्यूलाच.

क्लबाचं तसं नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया, विस्कॉन्सिन, मिशिगन अशा राज्यांतल्या संघटना तिथल्या खेळाडूंनी आपल्या आपण उभ्या केल्या. ब्रिटनमध्ये २००३पासून देशव्यापी संघटना आहे. असा क्लब एचक्यूची शाखा नसतो. तो आपली समिती निवडतो, आपले पैसे आपण सांभाळतो. सभासद न होताही जन्मभर खेळता येतं. मग सभासद का व्हायचं, याचं उत्तर पुढे येईलच.

आधी रिव्ह्यूअर काय पाहतो ते बघू. तो तुमच्या डब्यापाशी जात नाही. तो नकाशे पाहतो, तुम्ही लिहिलेला मजकूर वाचतो आणि नियमांशी ताडतो. त्यात सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती अंतराच्या नियमानं. दोन वेगवेगळ्या कॅशच्या प्रत्यक्ष ठेवलेल्या वस्तूंमध्ये किमान १६१ मीटर, म्हणजे एक दशांश मैल, अंतर लागतं. नकाशावर जवळपास काहीच दिसत नाही, तरी नकार येतो आणि माणूस चिडतो. पण कोडं सोडवून मिळणाऱ्या किंवा अनेक टप्प्यांच्या कॅशची शेवटची जागा नकाशावर दिसत नाही. ती फक्त मालकाला, रिव्ह्यूअरला आणि ज्यांनी ती शोधून काढली त्यांना माहीत असते. तुम्ही निवडलेल्या झाडापासून शंभर मीटरवर कोणाच्या तरी कोड्याचं उत्तर दडलेलं असू शकतं. हे क्लबाच्या अध्यक्षालाही ठाऊक नसतं आणि ठाऊक नसावंच. नाहीतर कोड्यात राम काय उरला? म्हणून डबा घेऊन डोंगर चढण्याआधी रिव्ह्यूअरला लिहून ‘ही जागा मोकळी आहे का’ एवढं विचारावं. ही विचारपूस क्लबाच्या बैठकीत करून काही हाती लागत नाही.

रिव्ह्यूअरचा निर्णय पटला नाही तर दाद एचक्यूकडे मागता येते. क्लबाकडे नाही. अध्यक्षांच्या ओळखीनं कॅश पब्लिश करून घेता येईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही आशा सोडावी. ती ओळख चालत नाही म्हणून तर खेळ सगळ्यांना सारखा राहतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जागेची परवानगी. इथे क्लब आणि रिव्ह्यूअर दोघांचाही संबंध येतो, म्हणूनच सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. परवानगी या दोघांपैकी कोणीच देत नाही. ती देतो जमिनीचा मालक किंवा ती जमीन सांभाळणारं खातं. रिव्ह्यूअर फक्त विचारतो की परवानगी घेतली आहे का, कोणाकडून, आणि त्या उद्यानाचा काही ठरलेला अर्ज असेल तर तो भरला आहे का. क्लब ती परवानगी मिळवण्यासाठी झटतो. सार्वजनिक गणेशोत्सवाचं मंडळ मांडवाची परवानगी देत नाही, ती महापालिकेकडून आणतं. क्लबाचं अगदी तसंच आहे.

एकेकट्या खेळाडूनं उद्यान खात्याला पत्र लिहिलं तर उत्तर येईलच असं नाही. अधिकाऱ्याला जिओकॅशिंग म्हणजे काय इथपासून सांगावं लागतं: डबा पुरत नाहीत, झाडाला खिळा मारत नाहीत, आत खाण्याच्या वस्तू ठेवत नाहीत. हे समजावणं एकदा, नीट, संस्थेच्या नावानं झालं की पुढच्या शेकडो लोकांचं काम सोपं होतं. ब्रिटनच्या संघटनेनं जमीनमालकांशी झालेल्या करारांची यादीच ठेवली आहे: कोणाच्या जमिनीवर कोणत्या अटींवर कॅश चालतात हे खेळाडूलाही पाहता येतं आणि रिव्ह्यूअरलाही. माझ्या मते क्लबानं वर्षभरात दुसरं काही केलं नाही आणि एका उद्यान खात्याशी असं लिखित समजुतीचं नातं जोडलं, तरी वर्गणी वसूल झाली. क्लबाचे टी-शर्ट आणि आठवणीची नाणी नंतर.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत मात्र आगाऊ परवानगीशिवाय डबा ठेवता येत नाही आणि ती सहसा मिळत नाही. तिथे डबा नसलेले प्रकार चालतात. रिव्ह्यूअर हा नियम लागू करतो, बदलू शकत नाही. बदलासाठी बोलायचं तर बोलणारी संस्था लागते. २००५ साली साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळात दफनभूमी आणि पुरातत्त्वीय जागांवर विनापरवानगी जिओकॅशिंग करणं गुन्हा ठरवणारं विधेयक आलं आणि कनिष्ठ सभागृहात मंजूरही झालं. पुढे त्याचा कायदा झाला नाही. अशा वेळी लोकप्रतिनिधींना भेटणं, खेळाडूंची बाजू मांडणं आणि आपल्यातल्या कोणी थडग्यांपाशी गैरवर्तन केलं असेल तर ते मान्य करून नियम पाळायची हमी देणं हे रिव्ह्यूअरचं कामच नाही. तो बोलला तर कंपनी बोलली असं होईल. इथे पुढे व्हायचं ते क्लबानंच.

परवानगी का हवी याचं उदाहरण इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली घडलं. एका कॅफेबाहेर कोणीतरी डबी ठेवताना दिसलं, पोलिसांना फोन गेला, रस्ता रिकामा केला गेला आणि लष्कराच्या बॉम्बपथकानं ती डबी उडवली. आत जिओकॅशिंगची सामग्री निघाली. नकाशावर ही जागा अंतराच्या नियमात चोख बसू शकते. पण समोरच्या दुकानदाराला काय वाटेल हे नकाशात दिसत नाही. ते गावातल्या माणसाला कळतं, आणि तशी माणसं असतात क्लबात.

इव्हेंटच्या बाबतीतही हेच दोन धागे गुंततात. खेळाडूंनी ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळी भेटणं हीसुद्धा साइटवर एक कॅशच असते. तिला जीसी क्रमांक मिळतो आणि आलेले लोक हजेरीची नोंद करतात. क्लबानं आपली वार्षिक सभा ठेवली म्हणजे ती आपोआप इव्हेंट होत नाही. इव्हेंटची नोंद किमान दोन आठवडे आधी पाठवावी लागते, भेट किमान अर्धा तास चालावी लागते, आणि ती सर्वांना खुली असावी लागते. ‘फक्त सभासदांसाठी’ असं लिहिलंत की रिव्ह्यूअर परत पाठवणार, आणि त्याचं बरोबरच आहे. सभासदांची निवडणूक, हिशेब, ठराव हे क्लबाचं घरचं काम आहे. ते इव्हेंटच्या वेळेआधी किंवा नंतर उरकावं. मोठ्या मेळाव्यांचं गणित निराळं: पाचशेच्या वर लोक आले तर मेगा, पाच हजारांच्या वर गेले तर गिगा. पहिला गिगा २०१४ साली म्युनिकमध्ये झाला. एवढ्या माणसांना जेवण, शौचालयं, पार्किंग पुरवायचं तर मागे कामाला वाहून घेणारी माणसं लागतात.

मला स्वतःला सीआयटीओ, म्हणजे ‘कॅश इन ट्रॅश आउट’, सगळ्यात प्रिय. २००२पासून चालत आलेली ही प्रथा: जाताना डबे शोधायचे, येताना कचरा गोळा करून आणायचा. नोंद रिव्ह्यूअर पब्लिश करतो. पण हातमोजे, पोती, उद्यानाच्या कर्मचाऱ्याशी ठरवलेली वेळ आणि भरलेली पोती न्यायला येणारी गाडी ही सगळी जुळवाजुळव क्लबाची. ज्या उद्यान खात्याकडे पुढच्या वर्षी परवानगी मागायला जायचं आहे, त्यानं आपल्याला आधी कमरेत वाकून कचरा उचलताना पाहिलेलं असावं. अर्जाला त्यानं जे वजन येतं ते कोणत्याही लेटरहेडनं येत नाही.

एक गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. परदेशात हा खेळ शिकलेली मराठी मंडळी सुट्टीत घरी येतात आणि एखाद्या गडावर डबा ठेवून परत जावं असं त्यांना वाटतं. भावना मी समजू शकतो. पण रिव्ह्यूअरचा पहिला प्रश्न असेल की पावसाळ्यानंतर हा डबा पाहायला कोण जाणार? शिकागोत बसून सह्याद्रीतल्या डब्याची वही बदलता येत नाही, म्हणून जवळ राहणारा, जबाबदारी घ्यायला तयार असलेला खेळाडू हवा. दुसरं, आपले बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशांत रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड आहेत. तटाच्या दगडांत डबा कोंबायचा विचारही करू नये. तिथे अर्थकॅश (इंग्रजी ‘अर्थ’, म्हणजे पृथ्वी) शोभेल: डबा नाही, त्याऐवजी जागेच्या भूविज्ञानाचा एक धडा आणि जाऊन पाहिल्याशिवाय सुटणार नाहीत असे प्रश्न. दख्खनच्या बेसॉल्टचे एकावर एक चढलेले थर असा धडा उघडा मांडूनच उभे आहेत.

शेवटचा प्रसंग नाजूक असतो. एखादा जुना खेळाडू वारतो आणि त्याचे डबे रानात उरतात. क्लबातले मित्र म्हणतात, आम्ही सांभाळू, आमच्या नावावर करा. मालकी बदलायला मालकाची संमती लागते. क्लब ठराव करून ती घेऊ शकत नाही आणि रिव्ह्यूअरही ती देऊ शकत नाही. डबे सुस्थितीत आहेत तोवर कोणी घाई करत नाही, आणि क्लबातलं कोणी वही ओली झाली तर बदलून येतं. डबाच नाहीसा झाला, न सापडल्याच्या नोंदी साचल्या, की रिव्ह्यूअर आधी मालकाच्या नावानं सूचना लिहितो, मुदत देतो आणि मग नोंद आर्काइव्ह करतो, म्हणजे खेळातून बंद करतो. त्याला निर्दयी म्हणू नये. क्लबानं तोवर घरच्यांशी बोलावं, पडलेलं झाकण, तुकडे गोळा करून आणावेत आणि वह्या मिळाल्या तर कुटुंबाच्या हाती द्याव्यात. त्याच जागी पुन्हा डबा ठेवायचा असेल तर कोणा एकानं स्वतःच्या नावावर नवी नोंद करावी, जागेच्या मालकाला पुन्हा विचारावं आणि वर्णनात आधीच्या मालकाचा उल्लेख करावा. तेवढी मोकळीक रिव्ह्यूअर देतो.