रेडिएशननंतर जबड्याचं हाड का मरतं? बदलत गेलेली उत्तरं

तोंडाचा कॅन्सर बरा होतो. मग वर्षा-दोन वर्षांनी एखादी दाढ काढावी लागते आणि ती जखम भरतच नाही. हिरडीतून हाड उघडं पडतं, पू येतो, तोंड नीट उघडत नाही. कॅन्सर परतलेला नसतानाही हे उघडं हाड तीन महिने भरलं नाही, तर डॉक्टर त्याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. खालच्या जबड्याला हे जास्त होतं. त्याचं हाड घट्ट, आणि त्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच.

हा त्रास १९२२ मध्ये फ्रान्समध्ये क्लॉडियस रेगो यांनी नोंदवला. पुढे बराच काळ त्याला जंतुसंसर्गच मानलं गेलं. १९७० मध्ये मायर यांनी रेडिएशन, इजा आणि संसर्ग अशी त्रयी मांडली. त्यामुळे प्रतिजैविकं द्यायची आणि मेलेलं हाड खरवडून काढायचं, हाच उपचार.

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या रॉबर्ट मार्क्स यांनी ही समजूत उलटवली. जंतू होते, पण वरवर. हाडाच्या आत ते जवळजवळ सापडलेच नाहीत. रक्तवाहिन्या आणि पेशी कमी झालेलं, प्राणवायूला मुकलेलं हाड स्वतःला सांधू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दाबाखालच्या कक्षात रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन द्यायचा: शस्त्रक्रियेपूर्वी २० किंवा ३० बैठका, नंतर १०. दात काढण्याआधी हाच उपचार केलेल्या ३७ जणांपैकी दोघांनाच त्रास झाला, नुसत्या पेनिसिलिनवर असलेल्या ३७ पैकी ११ जणांना. हे आकडे पाहून कोणाचाही विश्वास बसला असता.

पण २००४ मध्ये फ्रान्समधल्या ६८ रुग्णांच्या चाचणीत वर्षभराने ऑक्सिजन घेतलेल्यांपैकी १९ टक्के बरे झाले होते, तुलनेसाठी ऑक्सिजनचा नुसता देखावा केलेल्यांपैकी ३२ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१९ च्या ब्रिटिश चाचणीत तर दात काढण्यापूर्वी ऑक्सिजन दिला काय, न दिला काय, फरक दिसला नाही. इतका खर्चिक, रोज तास-दीड तास बंद कक्षात बसवणारा उपचार सरसकट सुचवणं मला आता योग्य वाटत नाही.

दरम्यान पॅरिसमध्ये सिल्वी डेलानियन यांनी दोष तंतुमय होत जाणाऱ्या ऊतींचा मानला आणि पेंटॉक्सिफायलिन हे रक्तप्रवाह सुधारणारं औषध व ई जीवनसत्त्व ही जोडी वापरली, गरजेप्रमाणे हाडाची झीज रोखणारं क्लोड्रोनेटही. गोळ्या स्वस्त आहेत, मात्र महिनोन्महिने घ्याव्या लागतात. हाड मोडलं असेल तर गोळ्यांनी भागत नाही. पायातलं फिब्युला हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसह काढून जबड्यात बसवतात. जबड्यासाठी ही पद्धत १९८९ मध्ये डेव्हिड हिडाल्गो यांनी मांडली.

तंबाखू-सुपारीपायी आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण इतके आहेत, की रेडिएशन ठरताच दंतवैद्याकडे जाणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खराब दात आधीच काढले, तर जखम भरायला दोन-तीन आठवडे मिळतात.