दाढ काढली, आता त्या जागी काय?

अक्कलदाढ काढली असेल तर हे पत्रक वाचायची गरज नाही. तिथे काही बसवावं लागत नाही. प्रश्न तिच्या पुढच्या दाढांचा आहे, विशेषतः सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या मोठ्या दाढेचा.

हिरडी तीन-चार आठवड्यांत बंद होते. आतलं हाड भरायला मात्र तीन-चार महिने लागतात आणि त्याच काळात ते गालाच्या बाजूने झिजतं. पहिल्या वर्षात रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते, त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. दरम्यान मागची दाढ पुढे कलते आणि समोरच्या जबड्यातली दाढ अडवायला कुणी नसल्याने रिकाम्या जागेत उतरू लागते. ती फार उतरली तर तिलाच घासावं लागतं, कधी रूट कॅनालही करावं लागतं. म्हणून दाढ काढल्यापासून तिसऱ्या महिन्याच्या आत एकदा दाखवून घ्या.

बसवायच्या पर्यायांत काढघालीची कवळी सर्वांत स्वस्त. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही. पण एका दाढेसाठी ती बरेच जण महिनाभर वापरतात आणि मग डबीत ठेवून देतात. तात्पुरती म्हणून ठीक.

ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर कॅप आणि मधे जोडलेली दाढ. दोन-तीन फेऱ्यांत काम होतं. त्यासाठी ते दोन्ही दात चहूबाजूंनी साधारण दीड मिलिमीटर घासावे लागतात. त्यांचं रूट कॅनाल झालेलं असेल किंवा मोठं सिमेंट भरलेलं असेल, तर त्यांना कॅप लागणारच असते. तिथे आम्ही ब्रिजच सुचवतो. दोन्ही दात धडधाकट असतील तर एका दाढेपायी ते घासू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ब्रिज बिघडतो तो बहुतेकदा कॅपच्या काठाखाली कीड लागून. एका टोकाचं सिमेंट सुटलं तरी दुसरं टोक घट्ट असल्याने ब्रिज पडत नाही आणि पेशंटला पत्ता लागत नाही. बोटाने दाबल्यावर कडेने थुंकीचे बुडबुडे आले किंवा तिथून वास येत असेल, तर लगेच या. मधल्या दाढेखाली रोज सुपरफ्लॉस (कडक टोकाचा, दात साफ करायचा दोरा) ओवायचा. ब्रश तिथे पोहोचत नाही.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, दाढेसाठी साधारण चार ते पाच मिलिमीटर जाड. आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) लागतो. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस असते, तिच्यापासून दोन मिलिमीटर अंतर राखावं लागतं. वर सायनसची पोकळी असते. तिथे हाडाची उंची कमी पडली तर सायनस लिफ्ट, म्हणजे पोकळीचा तळ उचलून तिथे हाड भरणं, करावं लागतं. स्क्रू हाडात पक्का व्हायला खाली सुमारे तीन महिने, वर चार ते सहा. चार-पाच फेऱ्या होतात. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून येणाऱ्यांनी हे आधीच धरून चालावं!

वरची कॅप हलली म्हणजे इम्प्लांट गेला असं नाही. बहुतेकदा कॅप इम्प्लांटला जोडणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो आणि तो पुन्हा ठरावीक जोराने आवळता येतो. हलत्या कॅपने चावत राहिलात तर तो मोडतो आणि मोडका तुकडा काढणं फार किचकट काम. हिरडीतून रक्त येणं किंवा पू दिसणं हे वेगळं दुखणं: आजूबाजूचं हाड झिजत असतं. विडी-सिगारेट, तंबाखू-मिश्री आणि आटोक्यात नसलेली साखर असेल तर हा धोका वाढतो.

काहीच न बसवणं हाही पर्याय आहे. शेवटची दाढ गेली असेल, समोर चावायला जोडीदार नसेल आणि पुढच्या दाढांवर नीट चावता येत असेल, तर आम्ही थांबायलाच सांगतो.

येताना चालू औषधांची यादी आणा. मधुमेह असेल तर एचबीएवनसीचा (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) ताजा रिपोर्टही. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेतलं असेल, तर आवर्जून सांगा. वर्षातून एकदाच घ्यायचं असल्याने ते इंजेक्शन सांगायचं हमखास राहून जातं, आणि जबड्याच्या हाडावर परिणाम करणाऱ्या औषधांपैकीच ते एक असतं.