रोड सायकलला ट्यूबलेस टायर: करण्याआधी आणि केल्यानंतर

ज्यांच्या मनात ट्यूबलेस करायचं आहे आणि ज्यांनी आमच्या दुकानातून करून घेतलं आहे, अशा दोघांसाठी हे पत्रक आहे. ट्यूबलेसने पंक्चर कमी होतात आणि खराब रस्त्यावर अंग कमी हादरतं, हे खरं आहे. पण हा टायर देखभाल मागतो. वर्षभर हात न लावता चालेल असं समजून कुणी करून घेऊ नये, म्हणून सगळं सविस्तर लिहिलं आहे.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा मोटारसायकलवरून अंदाज बांधतं. "गाडीला ट्यूबलेस आहे, त्यात काही घालावं लागत नाही, मग सायकलला का?" प्रश्न बरोबर आहे. गाडीचा टायर जाड असतो आणि त्याला आतून हवा धरणाऱ्या रबराचा वेगळा थर असतो. रोड सायकलचा टायर हलका आणि वेगवान ठेवायचा म्हणून त्याची कापडी अंगकाठी पातळ ठेवतात. त्यातून हवा हळूहळू झिरपते. ती अडवायला आणि भोकं बुजवायला आत सीलंट लागतं. सीलंट म्हणजे बहुतेक वेळा रबराचा चीक, म्हणजे लॅटेक्स, आणि त्यात बारीक कण मिसळलेले असतात. भोकातून हवा बाहेर पडू लागली की हे कण तिथे अडकतात, चीक घट्ट होतो आणि भोक बंद होतं. सीलंट वाळलं की ट्यूबलेस टायर म्हणजे नुसता ट्यूब नसलेला टायर. तो तुम्हाला घरी आणणार नाही.

आपल्या रस्त्यांवर फायदा कुठे होतो

बेळगावातून जांबोटीकडे जायला तिसऱ्या रेल्वे गेटवरून उद्यमबाग, मग पिरनवाडी. उद्यमबागच्या रस्त्यावर लेथ मशीनचा कीस पडलेला असतो. तो इतका बारीक असतो की टायरमध्ये घुसलेला दिसतसुद्धा नाही, आणि साध्या ट्यूबमधली हवा तासाभरात उतरते. खेड्यांच्या रस्त्यांवर बैलांच्या पत्रीचे खिळे, कडेला सराटे आणि बाभळीचे काटे. हायवेवर निपाणीकडे निघालात तर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा. ही सगळी भोकं लहान असतात आणि सीलंट ती बहुतेक वेळा आपोआप बुजवतं. पुष्कळदा तुम्हाला कळतही नाही. घरी येऊन चाक पुसताना पांढरा ठिपका दिसतो तेवढाच.

दुसरा फायदा खड्ड्यांचा आहे, आणि आमच्या मते तो जास्त मोठा आहे. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की ट्यूब टायर आणि रिम यांच्यात चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ते टाळायला लोक हवा कडक ठेवतात, आणि मग मनगटं आणि कंबर भरून येते. ट्यूबच नाही म्हटल्यावर चिमटायला काही उरत नाही. हवा कमी ठेवता येते, टायर रस्त्याला धरून चालतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी कडा तुटलेल्या रस्त्यावर किंवा पावसाळ्यानंतर कणकुंबीच्या बाजूला हा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

वजन कमी होईल या आशेने मात्र करू नका. साधी रबरी ट्यूब शंभर ग्रॅमच्या आसपास असते. ती गेली, पण ट्यूबलेस टायर स्वतः थोडा जड असतो, त्यात सीलंट, रिमला आतून लावायची टेप आणि व्हॉल्व्ह. हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटतो.

कुणी करू नये

सायकल महिनोनमहिने भिंतीला टेकून असते, कधीतरी रविवारी निघते, तर ट्यूबच ठेवा. उभ्या सायकलीत सीलंट तळाशी साचून वाळतं आणि मग आम्हाला ते खरवडून काढावं लागतं. ज्यांचं फिरणं बहुतेक कॅम्प, हिंडलगा, टिळकवाडी एवढंच आहे त्यांनाही गरज नाही. हलकेपणा हवा असेल तर टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकच्या ट्यूब येतात, त्या चाळीसेक ग्रॅमच्या असतात. त्या बघा. विक्री कमी झाली तरी चालेल, पण गरज नसताना कुणी ट्यूबलेस करून मग वैतागावं असं आम्हाला वाटत नाही.

तुमची रिम आणि टायर चालतील का

रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले पाहिजेत. टायरवर "ट्यूबलेस रेडी" किंवा त्याचं लघुरूप छापलेलं असतं. साध्या टायरची कड, म्हणजे बीड, हवेच्या दाबाने थोडी ताणली जाते. आत ट्यूब असेपर्यंत ते निभावतं. ट्यूब काढली की तोच टायर साठ-सत्तर पीएसआयला रिमवरून उडू शकतो. साध्या रिमला टेप गुंडाळून, साधा टायर घालून, आत सीलंट ओतून "ट्यूबलेस करून द्या" असं सांगत कुणी आलं तर आम्ही नाही म्हणतो. उतारावर पुढचं चाक गेलं तर काय होईल हे सांगायला नको.

रिमवरचा आकडा वाचायला शिका. ६२२ हा रिमचा ज्या ठिकाणी टायर बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. आपण ज्याला सातशेचं चाक म्हणतो ते हेच. त्याच्या पुढचा आकडा, १९, २१, २५ वगैरे, ही आतली रुंदी. त्यापुढे टीसी लिहिलं असेल तर रिमच्या कडेला आत वळलेला हुक आहे. टीएसएस असेल तर कड सरळ आहे, म्हणजे हुकलेस.

हुकलेस रिमबद्दल जरा थांबून वाचा. त्यात हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय. ट्यूब घातली तरी हीच मर्यादा, आणि टायरसुद्धा हुकलेसला चालतो असं त्याच्या कंपनीने स्पष्ट सांगितलेलाच हवा. २०२४ च्या यूएई टूरमध्ये थॉमस डे गेंट या बेल्जियन रायडरचा टायर हुकलेस रिमवरून सुटला आणि तो पडला. आतून २५ मिमी रुंद असलेल्या रिमवर २८ चा, म्हणजे २८ मिमी रुंदीचा, टायर होता. तेव्हापासून रिमच्या मानाने टायर किती रुंद हवा याबद्दल सगळीकडेच जास्त काळजी घेतली जाते. आम्ही २५ च्या हुकलेस रिमवर ३० पेक्षा कमी रुंदीचा टायर बसवत नाही. वजनदार माणसाने हुकलेस घेताना ३२ चाच विचार करावा, कारण हवा वाढवायला जागा नसते.

बसवताना आम्ही काय करतो, घरी करायचं असेल तर तुम्ही काय करावं

निम्मं काम टेपचं आहे. हवा गळते म्हणून परत आलेल्या चाकात दोष बहुतेक टेपचाच निघतो. जुनी रबरी पट्टी काढून रिम आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, तेलाचा हात लागलेला नको. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्यायची, म्हणजे ती दोन्ही कडांवर थोडी चढते. ती ताणून लावायची, मधल्या खोलगट चरात नीट दाबायची, सुरकुती किंवा बुडबुडा दिसला तर तेवढा भाग उचलून पुन्हा लावायचा. शेवट व्हॉल्व्हच्या भोकाच्या पुढे दहा-पंधरा सेंटीमीटर नेऊन संपवायचा. भोक पाडायला ब्लेड वापरू नका, टेप फाटत जाते. दाभण गॅसवर तापवून टोचलं की भोक गोल पडतं आणि कडा वितळून बंद होतात.

व्हॉल्व्हची चकती हातानेच आवळायची. पक्कडीने आवळली की रस्त्यात ट्यूब घालायची वेळ आल्यावर ती सुटत नाही.

टायरवरचा बाण बघून दिशा ठरवा. एक कड आत घ्या. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवा. कारण साधं आहे: कड मधल्या चरात उतरली की टायरला ढील मिळते, आणि व्हॉल्व्हच्या बुडामुळे नेमकी तिथेच ती उतरू शकत नाही. म्हणून ती जागा शेवटाला. अडलं तर पुन्हा समोरून दोन्ही हातांनी कड चरात ढकलत यायचं. अंगठ्यांनी होत नसेल तर प्लास्टिकची लिव्हर चालेल, लोखंडी नको, टेप चिरते.

आता सीलंट न घालताच हवा भरून बघायची. व्हॉल्व्हमधली पिन, म्हणजे कोअर, काढली की हवा जोरात आत जाते. कडांना साबणाचं पाणी लावा. साध्या पंपाने कधी कधी जमतं, नाही जमलं तर कंप्रेसर किंवा आधी दाब साठवून एकदम सोडणारा पंप लागतो. टायर जागेवर बसताना टक-टक असा मोठा आवाज येतो, त्याला घाबरू नका. मात्र टायर आणि रिम यांच्यापैकी ज्याची मर्यादा कमी असेल तिच्या वर एक पीएसआयसुद्धा जाऊ नका. टायरवर रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत दबलेली असेल तर हवा सोडून पुन्हा.

मग हवा सोडून व्हॉल्व्हमधूनच पिचकारीने सीलंट घालायचं. २८ च्या टायरला ३० ते ४० मिलिलिटर, ३२ ला थोडं जास्त. बाटली आधी खूप हलवा, कण तळाशी बसलेले असतात. पिन लावून हवा भरा, चाक फिरवा, दोन्ही अंगांवर थोडा थोडा वेळ आडवं ठेवा आणि लगेच एक चक्कर मारून या. येळ्ळूरपर्यंत जाऊन आलात तरी पुरे. बाजूंवर बारीक बुडबुडे दिसले तर ते आपोआप थांबतात. रिममधल्या आरीच्या, म्हणजे स्पोकच्या, भोकातून हवा येत असेल तर ते थांबणार नाही, टेप पुन्हा लावावी लागेल. कपड्यावर सीलंटचा डाग पडला तर निघत नाही, जुना शर्ट घाला. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांनी हातमोजे घालावेत.

हवा किती

ही सुरुवात समजा, इथून पुढे दोन-दोन पीएसआयने तुमचं तुम्ही ठरवा. ७५ किलोच्या माणसाला २८ च्या टायरवर पुढे ६२, मागे ६६. ३२ च्या टायरवर पुढे ५२, मागे ५६. वजन ६० असेल तर यातून सहा-सात कमी. पाऊस असेल तर अजून तीन-चार कमी. वळणावर पुढचं चाक लिबलिबत असेल किंवा खड्ड्यात रिम आपटल्याचा आवाज आला तर वाढवा. ट्यूबलेसमध्ये हवा रोज थोडी उतरतेच, म्हणून निघण्यापूर्वी दर वेळी गेज लावा. अंगठ्याने दाबून कळत नाही. हवा भरताना व्हॉल्व्ह घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी ठेवा. तो तळाशी असेल तर सीलंट त्यात शिरून पिन चिकटते.

सीलंट कधी घालायचं

उन्हाळ्यात, म्हणजे मार्च ते मे, दोन महिन्यांनी बघायचं. बाकी वर्षात तीन महिने चालतं. चाक कानाजवळ धरून हलवा, आत खळखळ ऐकू आली तर ठीक. आवाज नाही तर ३० मिलिलिटर पुन्हा. उन्हात उभ्या गाडीच्या टपावर सायकल तासन्‌तास ठेवत असाल तर याहून लवकर बघा.

रस्त्यात पंक्चर झालं तर

पांढरा फवारा उडाला म्हणजे सीलंट काम करत आहे. भोक खाली येईल असं चाक धरा, थोडं फिरवा. रोड टायरमध्ये दाब जास्त असल्यामुळे कधी कधी हवा निम्म्यावर येईपर्यंत भोक बंद होत नाही. थांबल्यावर पन्नासपर्यंत हवा भरा आणि शांतपणे घरी या. नाहीच थांबलं तर रबराची वात भोकात अर्धी घाला, बाहेरचं टोक छाटा. खिशातला कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर शेवटचा उपाय म्हणून ठेवा, त्याच्या गारव्याने काही लॅटेक्स सीलंट गोठतात. पंपच बरा.

टायर चिरला असेल तर ट्यूब घालावी लागते, म्हणून एक ट्यूब नेहमी सोबत पाहिजे. हे आम्ही प्रत्येकाला बजावून सांगतो. चोर्ल्याच्या जंगलात किंवा नागनवाडीच्या पुढे आंबोलीच्या रस्त्याला सायकलचं दुकान मिळणार नाही. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं अगदी हळू फिरवा, किंवा रुमाल फिरवा. ट्यूबलेसमध्ये महिन्याभरात चार-सहा काटे घुसून बसलेले असतात आणि तुम्हाला पत्ता नसतो. ते न काढता ट्यूब घातली तर ती पाच मिनिटांत जाईल.

पितळेचा एक छोटा व्हॉल्व्ह ॲडॉप्टरही पिशवीत टाका. आपला व्हॉल्व्ह बारीक असतो, त्याला पेट्रोल पंपाची किंवा ट्रकच्या पंक्चरवाल्याची नळी बसत नाही. ॲडॉप्टर असेल तर कुठेही हवा मिळते. फक्त किती भरायची ते तुम्ही सांगा, मोटारीच्या हिशेबाने सोडलेली हवा आपल्याला पुरत नाही.

दुकानात आणताना

सायकल संध्याकाळी सहाच्या आत आणून ठेवा, दुसऱ्या दिवशी न्या. चाक रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा गेज लावतो. पहिल्या रात्री आठ-दहा पीएसआय उतरली तर चालतं. त्याहून जास्त उतरली तर टेप काढून पुन्हा लावतो, त्याचे पैसे घेत नाही. घरचे टायर आणणार असाल तर बाजूवरचे आकडे पुसलेले नसावेत, वाचता न येणारा टायर आम्ही बसवत नाही.