कालवं मागवण्याआधी एवढं वाचा
(देवगडच्या आमच्या गाडीवर येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी)

गाडीवर येणारी मंडळी रोज तेच प्रश्न विचारतात आणि तव्यावर हात चालू असताना धड उत्तर देता येत नाही. म्हणून हा कागद छापून घेतला. ताट येईस्तोवर वाचून होईल.

कालवं (इंग्रजीत ऑयस्टर) म्हणजे तिसऱ्या (क्लॅम) नव्हेत. तिसऱ्या वाळूत, चिखलात रुतून राहतात. कालव आपला एक शिंपला खडकाला कायमचा चिकटवून बसतं, ते हाताने सुटत नाही आणि त्याच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. ओहोटी लागली की गाबीतवाड्यातल्या, म्हणजे मच्छीमार वस्तीतल्या बायका खडकावर उकिडव्या बसतात. दोन शिंपले जुळतात तिथे टोकदार लोखंडाने ठोका, वरचं झाकण उचकटायचं, आतला गर खरवडून डब्यात. खालचा शिंपला खडकालाच राहतो. हे काम करणाऱ्या बाईची बोटं एकदा बघा, मग दराबद्दल घासाघीस करावीशी वाटणार नाही. मोठी टोपली भरेल एवढ्या शिंपल्यांतून गर निघतो तो थोडासाच. कितीही धुतलं तरी एखादी कच दाताखाली येऊ शकते, तेव्हा सावकाश चावा.

"आज कालवं आहेत का?" हे आम्ही नाही, तिथी ठरवते. इथला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर पूर्ण ओहोटी. उधाणाच्या या दिवसांत पाणी खूप आत जातं, एरवी बुडालेले खडक उघडे पडतात आणि पहाटे काढलेला माल सकाळीच गाडीवर येतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फारसं हटत नाही, माल कमी. त्या दिवशी फळ्यावर कालवं दिसली नाहीत तर शिनाणे (इंग्रजीत मसल) किंवा तिसऱ्या खा. कालचा माल आज विकायची आमची पद्धत नाही. वाडातरच्या खाडीत बायकांच्या गटांनी कालवांची शेती करून पाहिली आहे. तसा शेतीचा माल मिळाला की तोही घेतो, आणि फळ्यावर तसं लिहितो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिंबू पिळून कच्ची कालवं आम्ही देत नाही. परदेशात खातात, व्हिडिओत दाखवतात, सगळं मान्य. पण कालव आजूबाजूचं पाणी गाळून त्यातलं खाणं मिळवतं आणि त्या पाण्यातले जंतूही त्याच्या अंगात साठतात. आपल्यासारख्या उबदार समुद्रात व्हिब्रिओ जातीचे जंतू चांगले पोसतात. लिंबाने, तिखटाने किंवा सोबतच्या पेयाने ते मरत नाहीत, उष्णतेने मरतात. म्हणून सोललेला गर निदान तीन मिनिटं खळखळ उकळला किंवा कडक तळला जातो, त्याशिवाय ताटात येत नाही. शिंपल्यासकट आलेलं कालव टिचकी मारूनही मिटलं नाही तर ते मेलेलं, टाकून देतो. उकळल्यावर ज्याचं तोंड उघडत नाही तेही टाकतो. ज्यांना यकृताचा आजार किंवा मधुमेह आहे त्यांनी कच्चं कालव कुठेच खाऊ नये, आमचं सोडा. शिंपल्यांच्या कुठल्याही प्रकाराची अ‍ॅलर्जी असेल तर ऑर्डर देण्याआधी सांगा. तवा एकच आहे, त्यामुळे शेजारच्या पदार्थालाही ते लागतंच.

काय मागवाल? पहिल्यांदाच खात असाल तर सुकं घ्या. कांदा, ओलं खोबरं, मालवणी मसाला, दोन आमसुलं, आणि पाणी अजिबात नाही, कारण कालवांना स्वतःचंच पाणी सुटतं. ते खारट असतं, म्हणून मीठ आम्ही शेवटी, चाखून घालतो. आमटी भाजलेल्या वाटपाची, तांदळाच्या भाकरीबरोबर. रवा लावून तळलेली कालवं मुलांना आवडतात, पण ती गरम असतानाच संपवा, गार झाली की चिवट होतात. तव्यावरचा कालवं घातलेला अंड्याचा पोळा हा पर्यटकांच्या आग्रहाने सुरू झाला. आम्हाला तो फारसा पटत नव्हता, पण खपतो सर्वांत जास्त. सोलकढी रोज असते.

पावसाळ्यात गाडी बंद. खाडीचं पाणी गोडं आणि गढूळ होतं, डोंगरावरची घाण वाहून येते, आणि वर सांगितलं तसं कालव तेच गाळतं. नारळी पौर्णिमा झाली, पाणी निवळलं, की पुन्हा सुरू.

घरी न्यायला गर हवा असेल तर डबा आणि बर्फ तुमचा आणा. उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, त्याच दिवशी शिजवा. मुंबई-पुण्याला न्यायचा म्हणाल तर आम्ही देणार नाही, सुकं करून घेऊन जा म्हणू, आणि तेही बर्फावर. ताटातले रिकामे शिंपले कचऱ्यात टाकू नका, गाडीमागच्या पिंपात टाका. कालवांची पिल्लं जुन्या शिंपल्यांवर चांगली बसतात, म्हणून शेती करणाऱ्यांना ते लागतात. चारपेक्षा जास्त माणसं येणार असाल तर आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा.