झेरॉक्सच्या पोटातली डिस्क

कणकवली-कुडाळकडे तहसील कचेरीसमोरच्या दुकानात माणूस आजही 'सातबाऱ्याची एक झेरॉक्स दे' असंच म्हणतो. शब्द तोच राहिला, यंत्र मात्र आतून पार बदललं.

चेस्टर कार्लसनने 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली कोरडी नक्कल काढली. त्यानंतर कित्येक दशकं तत्त्व एकच होतं: कागदावरचा उजेड आरशांवरून ड्रम नावाच्या फिरत्या नळकांड्यावर, ड्रमला चिकटलेला टोनर, म्हणजे शाईची पूड, कोऱ्या कागदावर. मूळ कागद उचलला की यंत्रात मागे काही उरत नसे.

डिजिटल यंत्रं आली आणि कागद आधी स्कॅन होऊन मग छापला जाऊ लागला. एकदा स्कॅन करून पन्नास प्रती काढायच्या, शिवाय प्रिंट आणि फॅक्सही सांभाळायचा, तर ती चित्रं ठेवायला जागा हवी. म्हणून आत हार्ड डिस्क बसली. काम संपल्यावर फाइल यादीतून जाते, पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असतो. एप्रिल 2010 मध्ये अमेरिकेत सीबीएस न्यूजने वापरलेली चार यंत्रं विकत घेऊन हे दाखवलं. बफेलो पोलिसांच्या तपासाचे कागद आणि एका विमा संस्थेकडच्या रुग्णांच्या नोंदी त्यांतून निघाल्या. त्या संस्थेला 2013 मध्ये 12 लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली.

फर्मवेअरचं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरचं, महत्त्वही त्याच वर्षी कळलं. डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकाला झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या नकाशात आकडे बदललेले दिसले. फाइल लहान करताना यंत्र सारखे दिसणारे आकार एकच धरत होतं, त्यामुळे 6 चा 8 होई. कंपनीला नवं फर्मवेअर द्यावं लागलं. सातबाऱ्यावरचे गुंठे असे बदलले तर काय होईल, हे कोकणात भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

आपल्याकडे डिस्क जाते ती बहुधा दमट हवेने आणि सतत जाणाऱ्या लाईटने. नवी नुसती खोचून भागत नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये यंत्राची सिस्टिमच डिस्कवर असते, म्हणून सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीवाल्यासाठीच्या मेनूत, फॉरमॅट मारायचा आणि पेनड्राइव्हवरून किंवा लॅपटॉप जोडून फर्मवेअर चढवायचं. पावसाळ्यात दुरुस्तीला बसताना मी आधी यूपीएस लावतो, कारण मध्येच लाईट गेली तर यंत्राचा मुख्य बोर्डच अडकून बसतो.

आणि जुनी डिस्क? 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारात चिखलाने भरलेली यंत्रं डिस्कसकट भंगारात जाताना मी पाहिली. बुडालेल्या डिस्कवरूनही मजकूर अनेकदा काढता येतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आता काढलेली डिस्क मी मालकाच्या हातात देतो आणि तिचा नंबर बिलावर लिहितो. गेल्या महिन्यात एका पतसंस्थेच्या मॅनेजरनी ती शेजारच्या सुताराकडे नेली आणि माझ्यासमोर ड्रिलने तिला आरपार तीन भोकं पाडून घेतली.